कालव्याकडंनं सायकल मारायची तर काट्याचं आधी बघा
बेळगाव, गोकाककडच्यांनी निवांत सायकलिंगला हायवे सोडून घटप्रभा कालव्याकडेचा कच्चा रस्ता धरावा, कालव्याला उतार नावापुरताच असतो त्यामुळं चढ नाही, दम लागत नाही. खरा वैताग बाभळीच्या काट्यांचा, म्हणून जादा ट्यूब आणि छोटा पंप जवळ पाहिजेच. पंक्चर झालं की नवी ट्यूब लगेच घालू नका हं, आधी टायरच्या आतनं फडकं फिरवा, काट्याचं मोडकं टोक रबरात तसंच रुतलेलं असतंय आणि तेच दुसरी ट्यूबपण फोडतंय. पाऊस पडून गेला की दोन दिवस थांबा, काळी माती मडगार्डमध्ये अशी गच्च बसते की चाकच फिरत नाही. ऊसतोडीत सकाळी लवकर जावा, नंतर ट्रॅक्टर सुरू होतात.