फ्रीक्वेन्सीचा आकडा हलत नाही, म्हणजे तो बरोबर आहे का?

सिग्नल जनरेटरवर 1 मेगाहर्ट्झ लावायचे आणि डॅक कार्डाच्या (संगणकात सिग्नलची मोजमापं घेणारं कार्ड) काउंटरने मोजायचे, एवढंच काम होतं. स्क्रीनवर 10,00,030 हर्ट्झच्या आसपास आकडे येत होते. मी शंभर रीडिंगची सरासरी घेतली, मग हजारांची. आकडा थरथरायचा थांबला, पण वरचे 30 हर्ट्झ काही हटेनात. दोन दिवस मी प्रोग्रामच तपासत बसलो. शेवटी आमच्या वरिष्ठांनी कार्डाचं मॅन्युअल उघडून एका ओळीवर बोट ठेवलं: टाइमबेसची (कार्ड ज्यावर वेळ मोजतं त्या घड्याळाची) अचूकता 50 पीपीएम (दहा लाखांत 50). म्हणजे 1 मेगाहर्ट्झला 50 हर्ट्झपर्यंतचा फरक कार्डाने आधीच कबूल केलेला होता. कार्डाचं घड्याळच किंचित संथ होतं. रुबिडियम घड्याळाचा (अतिशय अचूक अणुघड्याळाचा) 10 मेगाहर्ट्झ रेफरन्स बाहेरून जोडला आणि ते 30 हर्ट्झ गेले. सरासरीने इकडेतिकडे विखुरलेली चूक कमी होते. एकाच बाजूला झुकलेली चूक तिच्याने हलत नाही.

घड्याळ चांगलं असलं तरी मोजायची पद्धत चुकली की सगळं वाया जातं. समजा टाइमबेस 80 मेगाहर्ट्झचा आहे आणि सिग्नल 50 किलोहर्ट्झचा. एका आवर्तनात टाइमबेसचे 1600 ठोके बसतात. एक ठोका कमी-जास्त झाला की उत्तर सुमारे 31 हर्ट्झने सरकतं. आता एकाऐवजी सलग 1000 आवर्तनांना लागणारा वेळ मोजा. चूक तशीच एका ठोक्याची, पण ती 16 लाख ठोक्यांत वाटली जाते आणि फरक उरतो साधारण 0.03 हर्ट्झ. वेळ किती लागला? 20 मिलिसेकंद! हे गणित एकदा स्वतः कागदावर करून पाहा, मला तरी त्यानंतरच काउंटर कळला.

ठरावीक वेळात पल्स मोजण्याची पद्धत फक्त जलद सिग्नलसाठी ठेवा. एक सेकंदाच्या गेटमध्ये (मोजणीच्या ठरावीक वेळात) एका पल्सची चूक म्हणजे 1 हर्ट्झ. 5 मेगाहर्ट्झला ती नगण्य, पण 50 हर्ट्झला तब्बल 2 टक्के.

एफएफटी (सिग्नलमध्ये कोणत्या फ्रीक्वेन्सी आहेत ते काढणारं गणित) वापरणार असाल तर सॅम्पलिंग रेट वाढवून बारकावा वाढत नाही, रेकॉर्डिंग लांबवल्याने वाढतो: 1 सेकंदाच्या नोंदीत आलेखातल्या दोन फ्रीक्वेन्सी-रेषांमधलं अंतर 1 हर्ट्झच राहतं. आणि सेकंदाला 1000 सॅम्पल घेऊन 900 हर्ट्झचा सिग्नल पाहिलात तर तो 100 हर्ट्झचा दिसेल. तिथे सॅम्पल घेण्याआधीचा फिल्टरच हवा.

मला सर्वात जास्त छळलं ते नॉइजने. एका सेन्सरचा सिग्नल संथ चढणारा होता. काउंटर मधूनच दुप्पट आकडा दाखवायचा. स्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर) ती चढती कड ताणून पाहिली, तर थ्रेशोल्डपाशी (जी पातळी ओलांडली की काउंटर पल्स मोजतो तिथे) सिग्नल सरळ वर न जाता वर-खाली-वर असा लुडबुडत होता आणि काउंटर प्रत्येक चढ इमानाने मोजत होता. मध्ये श्मिट ट्रिगर (चढताना आणि उतरताना वेगवेगळ्या पातळीला बदलणारं सर्किट) टाकला, त्याचा हिस्टेरेसिस (त्या दोन पातळ्यांमधलं अंतर) त्या लुडबुडीपेक्षा मोठा ठेवला, आणि कार्डातला डिजिटल फिल्टरही चालू केला. जादाचे पल्स बंद झाले. तेव्हापासून नवा सेन्सर काउंटरला जोडण्याआधी मी त्याची कड स्कोपवर ताणून बघतो.