जित्सीवर तिसरा माणूस आला की व्हिडिओ बंद, असं सुटलं

ऑफिसात क्लायंटचे कागद सगळ्यांच्या पर्सनल चॅटवर फिरायचे, मला ते अजिबात पटत नव्हतं, म्हणून ऑफिसच्याच सर्व्हरवर चॅटला मॅट्रिक्स आणि व्हिडिओ मीटिंगला जित्सी (दोन्ही स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारी सॉफ्टवेअर) टाकलं. दोघांचा कॉल मस्त चालायचा पण तिसरा आला की सगळ्यांचा आवाज न् व्हिडिओ गायब. दोन दिवस कॅमेरे, ब्राउझर तपासत बसलो. कारण वेगळंच निघालं, दोघंच असले की जित्सी त्यांना थेट जोडतं, तिसरा आला की सगळं व्हिडिओब्रिजवरून (सर्व्हरवरचा जित्सीचा भाग, जो सगळ्यांचा आवाज-व्हिडिओ एकमेकांना पोचवतो) जातं आणि त्याला यूडीपी १०००० पोर्ट (सर्व्हरमध्ये डेटा यायचं एक ठरलेलं दार) लागतो, मी फायरवॉलमध्ये टीसीपी ४४३ (वेबसाइटचा नेहमीचा पोर्ट) च उघडा ठेवलेला. मग १०००० वाला उघडून राउटरवरून सर्व्हरकडे वळवला, ब्रिजच्या सेटिंगमध्ये पब्लिक आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) टाकला, झालं सुरू. आणि हो, नुसतं इन्स्टॉल केलं तर कोणीही रूम उघडू शकतो, लॉगिन आधी लावा.