प्रभूला पूर्ण मन देताना या चुका टाळा

ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू झाला की पुष्कळ ख्रिस्ती घरांत संकल्प होतात: पहाटे उठायचे, रोज तीन अध्याय वाचायचे, मोबाईल दूर ठेवायचा. ईस्टरपर्यंत त्यांतले फारसे टिकत नाही आणि माणूस आपली श्रद्धाच कमी पडली असे ठरवून मोकळा होतो. दोष बहुधा दुसरीकडे असतो.

ओळखायला सर्वांत कठीण चूक म्हणजे मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामालाच भक्ती समजणे. गायनवृंदाचा सराव, संडे स्कूल, वर्गणीचा हिशेब यांत कामसू माणूस इतका गुंततो की शास्त्रपाठ चालू असतानाही त्याचे लक्ष माईककडे आणि मागे कमी पडलेल्या खुर्च्यांकडे असते. लूकच्या शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायात येशूला घरी बोलावणाऱ्या मार्थेचे असेच झाले होते. येशूने तिच्या पाहुणचाराला नावे ठेवली नाहीत, तर पुष्कळ गोष्टींविषयीची तिची दगदग तिला दाखवून दिली. (उपदेशांत मार्थेवर थोडा अन्यायच होतो, योहानच्या ११ व्या अध्यायात, भाऊ वारलेला असताना, येशू हाच ख्रिस्त आहे अशी स्पष्ट कबुली देणारी तीच आहे.) म्हणून जबाबदाऱ्या झटकू नयेत, मात्र अंगावर तीन कामे असतील, तर त्यांतले एक दुसऱ्याला शिकवून सोपवावे आणि महिन्यातून एखादा रविवार तरी नुसते बाकावर बसून उपासना करावी.

भावना ओसरली म्हणजे निष्ठा संपली, असे मानणेही चूकच. पवित्र शास्त्रातील ४२ व्या स्तोत्राचा कर्ता खिन्न आहे, तरी तो बोलतो देवाशीच. प्रार्थनेला शब्द सुचत नसतील, त्या दिवशी असे एखादे स्तोत्र मोठ्याने वाचावे.

स्वतःच्या समर्पणाचा जोर घरच्यांवर काढणाऱ्यांनी मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे उदाहरण आठवावे. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो १९०० मध्ये, स्वतःचे मन वळल्यावर घेतला.

राहिला वाचनाचा प्रश्न. तीन अध्यायांऐवजी मार्कचे शुभवर्तमान घ्यावे. रोज एक अध्याय वाचला तर ते १६ दिवसांत पूर्ण होते. छापील पवित्र शास्त्र वापरावे, कारण मोबाईलवर अध्याय उघडला की वरून संदेश टपकू लागतात. एखादा दिवस चुकलाच, तर दुसऱ्या दिवशी दोन अध्यायांची थकबाकी भरत बसू नये. जिथे थांबलो तिथून पुढचा एकच वाचावा.