घरातल्या सौनाची कोंडलेली हवा: माझा अनुभव

सौना म्हणजे गरम हवेत आणि वाफेत बसून घाम काढायची लाकडी खोली. फिनलंडमधलं टांपेरे शहर स्वतःला जगाची सौना-राजधानी म्हणवतं. तिथे आम्ही घेतलेल्या जुन्या घरातही सौना होता. पण आत बसलं की डोकं भाजायचं, पाय गार राहायचे आणि थोड्या वेळात जीव गुदमरायचा. मोठा हीटर घ्या, असं जो तो सांगायचा. हीटर धडधाकट होता हो! घोळ हवेच्या वाटेत होता. ताजी हवा हीटरजवळ जमिनीलगत आत यायची आणि छताजवळच्या झरोक्यातून बाहेर पडायची. हीटरवरच्या तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं की वाफ बाकापर्यंत पोचायच्या आतच पसार.

आमच्याकडे हवा बाहेर ओढून घेणारा पंखा आहे, म्हणून आत येणारी हवा हीटरच्या वर, दगडांपासून साधारण अर्धा मीटर उंचीवर आणली. थंड हवा तिथल्या गरम झोतातच मिसळते, पायाशी साचत नाही. हवेची बाहेर जायची वाट समोरच्या भिंतीत, बाकाखाली काढून पंख्याच्या पाइपाला जोडली. जुना झरोका बुजवला मात्र नाही. त्याला झडप लावली: सौना चालू असताना बंद, नंतर उघडी, म्हणजे लाकूड खडखडीत वाळतं.

भिंत उघडलीच होती, तर आतल्या, वाफ अडवणाऱ्या फॉइलचे सांधे अॅल्युमिनियम टेपने बंद केले आणि फॉइल व फळ्यांमध्ये पट्ट्या ठोकून २-३ सेंमी फट ठेवली. वरचा बाकही उचलला. बसल्यावर पाय दगडांच्या पातळीच्या वर असायला हवेत. वायरिंगला हात लावला नाही, ते परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं काम.