‘सरांना टेक्नॉलॉजी नकोच असते’ असं म्हणण्याआधी या चुका टाळा

सोलापुरातल्या एखाद्या कॉलेजात नॅकची, म्हणजे कॉलेजच्या दर्जा-मूल्यांकनाची, तयारी सुरू झाली की एक गूगल फॉर्म हमखास फिरतो: ‘अध्यापनातील तंत्रज्ञानाचा वापर – प्राध्यापकांचे मत’. विभागप्रमुखांनी दोनदा आठवण करून दिली की तो सगळ्यांचा भरून होतो आणि बहुतेक उत्तरं ‘पूर्णतः सहमत’ अशी येतात. मग प्रोजेक्टर धूळ का खातोय, असं प्राचार्य विचारतात आणि ठरलेलं उत्तर मिळतं: सीनियर सरांना हे नकोच असतं. हे निदान बहुधा चुकीचं असतं, कारण विचारण्यातच गडबड झालेली असते.

मत विचारू नका, मागचा आठवडा विचारा

‘तंत्रज्ञानामुळे अध्यापन रंजक आणि परिणामकारक होते का?’ हा प्रश्न बघा. यात दोन प्रश्न आहेत. रंजक होतं पण परिणाम शून्य, असं वाटणाऱ्या मॅडमनी कुठे टिक करायची? आणि २०२० चं शैक्षणिक धोरण तोंडपाठ असलेला कोणता प्राध्यापक ‘असहमत’ लिहील? त्यापेक्षा विचारा: मागच्या आठवड्यात किती तासांना काय वापरलं, कुठे अडलं, अडल्यावर काय केलं. आणि एक मोकळी चौकट ठेवा, मराठीत लिहायची.

दुसरी गोची नावाची. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत द्यायची असते. स्मार्ट बोर्डावर त्यांची टीका नावानिशी येणार नाही. फॉर्मच्या सेटिंगमध्ये ईमेल गोळा करणं बंद करा. ‘एकच प्रतिसाद’ ही मर्यादा लावली की लॉगिन मागितलं जातं. ईमेल गोळा करणं बंद असेल तर नुसत्या लॉगिननं भरणाऱ्याचा ईमेल पत्ता उत्तरांत दिसत नाही, पण लॉगिन दिसलं की माणूस सावध होतोच. मर्यादा काढून टाका. एखाद-दुसरा फॉर्म दोनदा आला तरी चालेल.

‘वापरत नाहीत’ की ‘चालत नाही’?

विरोध म्हणून नोंदवलेल्या निम्म्या गोष्टी मला तरी दुरुस्तीच्या वाटतात. लॅपटॉपला एचडीएमआय आणि प्रोजेक्टरला जुनी व्हीजीए केबल: कन्व्हर्टर वर्गातच बांधून ठेवा, स्टाफरूमच्या कपाटात नको. केबल लावूनही पडदा कोरा असेल तर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. मराठीच्या सरांच्या स्लाइडवर अगम्य चिन्हं दिसतात, कारण त्या घरी श्रीलिपीत टाइप केलेल्या असतात आणि वर्गातल्या संगणकावर तो फॉन्ट नसतो. आजच्यापुरती पीडीएफ करून न्या. पुढचं टायपिंग कोणत्याही संगणकावर दिसणाऱ्या युनिकोडमध्ये करा. विद्यार्थ्याला गूगल क्लासरूममध्ये प्रवेश मिळत नसेल तर तो बहुधा स्वतःच्या जीमेलवरून येतोय आणि वर्ग कॉलेजच्या खात्यावर आहे. पन्नास मिनिटांच्या तासातली पंधरा मिनिटं यात गेली की पुढच्या वेळी सर सरळ खडू उचलतात. त्यांच्या जागी कुणीही तेच करेल.

बटणं शिकवणारी कार्यशाळा

फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये तंत्रज्ञान लोक का स्वीकारतात याची मांडणी केली. त्यात ‘सोपं आहे’ यापेक्षा ‘माझ्या कामाचं आहे’ या जाणिवेचा प्रत्यक्ष वापराशी जास्त घट्ट संबंध दिसला. आपल्या कार्यशाळा नेमक्या उलट चालतात: दिवसभर बटणं, आणि गणित, भूगोल, मराठी सगळे एकाच हॉलमध्ये. गणिताची सिद्धता फळ्यावर ओळीओळीनं उलगडते, स्लाइडवर ती आयती येते आणि मुलं नुसती फोटो काढतात. गणिताच्या मॅडमचा खडूचा आग्रह हा त्यांच्या विषयाचा निर्णय आहे, मागासलेपणा नव्हे. वनस्पतिशास्त्रात मात्र सूक्ष्मदर्शकाखालचा छेद पडद्यावर मोठा दिसला तर साऱ्या वर्गाचं काम होतं. कार्यशाळा विषयवार घ्या, लहान घ्या.

सगळ्या जिल्ह्याची सरासरी काढू नका

२००४ साली स्थापन झालेलं, आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव असलेलं आपलं विद्यापीठ एकाच जिल्ह्यापुरतं आहे. तरी अक्कलकोटच्या वर्गात कन्नड घरातली मुलं असतात, शहराच्या पूर्व भागात तेलुगू घरातली, आणि करमाळ्याची अडचण आणखी वेगळी. ‘विद्यार्थी व्हिडिओ बघत नाहीत’ या तक्रारीमागे व्हिडिओतली इंग्रजी असू शकते, किंवा घरात मिळून असलेला एकच फोन. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या प्राथमिक शाळेत रणजितसिंह डिसले यांनी क्यूआर कोडचा प्रयोग केला, ज्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. क्यूआर कोड सगळ्यांच्या लक्षात राहिला; पुस्तकं मुलांच्या घरच्या भाषेत, कन्नडमध्ये, नेण्याची खटपट कमी जणांना आठवते. प्राध्यापकांच्या फॉर्ममध्ये भाषेचा प्रश्न मी अजून क्वचितच पाहिलाय.

एआयबद्दल विचारताना ‘बंदी हवी की नको’ एवढंच विचारून थांबू नका. लेखन यंत्राचं आहे का हे ओळखणाऱ्या साधनांवरही विसंबू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचं असं साधन २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून मागे घेतलं. असाइनमेंटवर पाच मिनिटं तोंडी प्रश्न हा उपाय खरा, पण शंभर मुलांच्या वर्गात त्याला वेळ कुठून आणायचा, हे प्राध्यापकांनाच विचारा.

आणि फॉर्म पेपर तपासणीच्या दिवसांत पाठवू नका. सत्र सुरू होऊन महिनाभर झाला की पाठवा. तोवर कोणत्या खोलीतला स्पीकर बंद आहे, हे सगळ्यांना कळलेलं असतं.