रत्नागिरीचा लेख पुण्यात बसून सुधारायचा तर

पुण्याला समुद्र नाही, पण समुद्राकाठच्या गावांवर लिहायला लागणारी जुनी पुस्तकं भरपूर आहेत. मराठी विकिपीडियावरचा एखाद्या किनारी शहराचा लेख सहा-आठ जणांनी मिळून सुधारायचा असेल, तर ही सोय दांडग्या इंटरनेटपेक्षा जास्त उपयोगी पडते. इथे नमुन्याला रत्नागिरी घेतली आहे. मालवण, अलिबाग, वेंगुर्ल्यालाही यातलं बरंचसं जसंच्या तसं चालेल.

आधी हद्द आखा

रत्नागिरी नावाच्या तीन गोष्टी आहेत: शहर, तालुका आणि जिल्हा. तिन्हींचे लेख वेगळे. सगळा गोंधळ इथून सुरू होतो, म्हणून पहिली बैठक एवढ्याच एका विषयावर घ्या. गणपतीपुळे आणि जयगड रत्नागिरी तालुक्यात आहेत, शहरात नाहीत. गुहागर, दाभोळ, चिपळूण तर तालुक्याच्याही बाहेर. शहराच्या लेखात शोभतात ते भाट्ये, मांडवी, मिऱ्या, रत्नदुर्ग, थिबा राजवाडा, पतितपावन मंदिर. बाकीच्यांसाठी 'परिसर' असा एक छोटा परिच्छेद आणि त्यांच्या लेखांचे दुवे पुरेत.

आकड्यांचंही तेच. २०११च्या जनगणनेतले १६,१५,०६९ लोक आणि दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया हे जिल्ह्याचे आकडे आहेत. हा ११२२ शहराच्या लेखात चिकटला की वाचणारा भलतेच निष्कर्ष काढतो. मुंबईत आणि इतरत्र नोकरीला गेलेल्या पुरुषांमुळे खेड्यांतलं प्रमाण असं दिसतं, शहराचं गणित वेगळं असतं. जनगणनेच्या तक्त्यात नगरपरिषदेची ओळ शोधा आणि तीच घ्या.

याहून फसवा सापळा १ मे १९८१चा. त्या दिवशी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या कुठल्याही पुस्तकात 'रत्नागिरी जिल्हा' म्हटलं की त्यात मालवण, कुडाळ, सावंतवाडी आलीच. १९७१ आणि १९८१नंतरचे आकडे एका तक्त्यात शेजारी मांडले तर जिल्ह्यातली बरीच माणसं गाव सोडून पळाल्यासारखं वाटेल.

ठरलेली हद्द लेखाच्या चर्चापानावर चार-पाच ओळींत लिहा आणि खाली सगळ्यांनी सही करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात ठरवलेलं विकिपीडियाच्या दृष्टीने ठरलेलंच नसतं. तिसऱ्या माणसाने उद्या येऊन विचारलं, तर दाखवायला चर्चापानच असतं.

वाचन वाटा, लेखन नंतर

बहुतेक गट 'तू इतिहास घे, मी पर्यटन घेतो' असं वाटप करतात. त्यातून एकच पुस्तक तिघं चाळतात आणि कुणीच पूर्ण वाचत नाही. त्यापेक्षा साधनं वाटून घ्यावीत. एकाने १८८०चं गॅझेटियर (इंग्रजांच्या काळातला जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ), दुसऱ्याने जनगणना, तिसऱ्याने थिबा राजावरचं साहित्य, चौथ्याने सावरकरांचा रत्नागिरीतला काळ, पाचव्याने वर्तमानपत्रं. प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या वाचनातून दहा-पंधरा नोंदी काढायच्या. नोंदीत चार गोष्टी हव्यात: माहिती स्वतःच्या शब्दांत एका ओळीत, पुस्तकाचं नाव आणि आवृत्ती, पान क्रमांक, आणि ती लेखाच्या कुठल्या विभागात बसेल. पान क्रमांक नसेल तर नोंद परत पाठवा. तिथे भीड ठेवू नये.

मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियर मालिकेचा दहावा खंड रत्नागिरी आणि सावंतवाडीचा, १८८० सालचा. हक्कमुक्त आहे आणि स्कॅन केलेला मिळतो. तो वापरताना क्रियापदाचा काळ सांभाळा. 'बंदरात अमुक इतकी गलबतं येतात' हे त्याचं वाक्य लेखात 'येत असत' होतं, आणि सोबत १८८० हे साल यायलाच हवं. जाती-जमातींच्या स्वभावाविषयीचे त्यातले शेरे लेखात आणू नयेत. तो साहेबाचा चष्मा आहे, माहिती नव्हे.

पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ, पुणे नगर वाचन मंदिर, विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय या नेहमीच्या जागा. आकडेवारीच्या जुन्या सरकारी प्रकाशनांसाठी गोखले संस्थेचं ग्रंथालय बघावं. बाहेरच्या वाचकांसाठी प्रत्येकाचे नियम निराळे असतात, म्हणून जाण्याआधी फोन करा. पानाचा फोटो घ्यायला परवानगी असेल तर पुस्तकाच्या शीर्षकपानाचाही घ्या, नाहीतर घरी आल्यावर आवृत्तीचं साल सापडत नाही.

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांबाबत थोडं सावध. त्यातले काही लेख विकिपीडियावरूनच उचललेले असतात आणि मग तेच लेख विकिपीडियाला संदर्भ म्हणून जोडले जातात. ओळखायची सोपी रीत म्हणजे विकिपीडियावरच्या लेखाच्या 'इतिहास' पानावर जाऊन ते वाक्य कधी आलं ते बघणं. वाक्य आधीचं आणि बातमी नंतरची असेल, शब्दही जुळत असतील, तर तो संदर्भ टाकून द्या.

खाती आणि टंकलेखन

एका इंटरनेट जोडणीवरून चोवीस तासांत सहाच नवी खाती उघडता येतात. रविवारी सकाळी सगळे एका हॉलच्या वायफायवर बसले की सातव्या माणसाला खातं मिळत नाही आणि अर्धा तास त्यातच जातो. म्हणून खाती आठवडाभर आधी, घरून उघडा. याचा दुसराही फायदा आहे. खातं अगदी नवं असताना बाहेरचा दुवा टाकला की दर वेळी वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं ओळखायला सांगतात. थोडं जुनं झालं की हा जाच थांबतो.

टंकलेखनासाठी वेगळं काही बसवावं लागत नाही. संपादनाच्या चौकटीत असताना कंट्रोल आणि एम ही कळ दाबली की विकिपीडियाचं स्वतःचं देवनागरी टंकन सुरू होतं, पुन्हा दाबली की बंद. जुन्या डीटीपी फाइलमधला मजकूर मात्र थेट चिकटवू नका. तो युनिकोडमध्ये नसतो, पडद्यावर खिचडी उमटते. आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या परिवर्तकातून काढा आणि मग जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. 'किनाऱ्यावर', 'मिऱ्या' यांतला ऱ्य हमखास बिघडतो.

माहितीचौकटीतले (लेखाच्या सुरुवातीच्या तक्त्यातले) अक्षांश-रेखांश, लोकसंख्या, क्षेत्रफळ हे रकाने इंग्रजी अंकांत भरा. ही चौकट तयार करणाऱ्या साच्याच्या आतली गणितं देवनागरी अंक ओळखत नाहीत, घनतेच्या जागी लाल अक्षरांत चूक दिसते. खालच्या मजकुरात देवनागरी अंकच ठेवा.

हमखास चुकणाऱ्या जागा

थिबा राजा. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलं आणि १८८६मध्ये रत्नागिरीला आणलं. राजवाडा मात्र १९१०च्या सुमारास पुरा झाला, आणि १९१६च्या डिसेंबरात राजा वारला. म्हणजे तीस वर्षांच्या बंदिवासातली जेमतेम सहा त्या वाड्यात गेली. '१८८६पासून तो थिबा राजवाड्यात राहिला' असं वाक्य दिसलं की दुरुस्त करा.

लोकमान्य टिळक. जन्म २३ जुलै १८५६, रत्नागिरी. मूळ गाव दापोली तालुक्यातलं चिखलगाव. जन्मगाव आणि मूळ गाव यांची सरमिसळ झाली की चर्चापानावर वाद पेटतो, आणि पुणेकरांचा गट असला की तो लवकर विझत नाही. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाक्यांत, वेगवेगळ्या संदर्भांनी लिहिल्या की प्रश्न मिटतो.

सावरकर. अंदमानाहून परत आणल्यावर त्यांना काही काळ रत्नागिरीच्या आणि नंतर येरवड्याच्या तुरुंगात ठेवलं होतं. १९२४ ते १९३७ ही रत्नागिरीतली स्थानबद्धता त्यानंतरची. तुरुंगवास आणि स्थानबद्धता हे शब्द अदलाबदल करून वापरू नका. पतितपावन मंदिर १९३१चं, भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं. ते नाव गाळलं तर परिच्छेद अर्धवट राहतो.

हापूस. २०१८ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा पाच जिल्ह्यांचं आहे. 'फक्त रत्नागिरीचा' असं लिहिलं तर सिंधुदुर्गातले देवगडवाले दुसऱ्या दिवशी येऊन तुमचा बदल उलटवतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

रस्ते, रेल्वे, हवामान. मुंबई-गोवा महामार्ग शहरातून जात नाही, तो हातखंब्यावरून जातो. जुन्या पुस्तकांत त्याचा क्रमांक १७ आहे, आता ६६. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग जानेवारी १९९८मध्ये खुला झाला. हवामानाच्या विभागात एका वर्षाचा विक्रमी पाऊस घेऊन सरासरी म्हणू नये. हवामान खात्याची तीस वर्षांची सरासरी घ्यावी.

लिहिताना

पहिला हात कात्रीचा. समजा लेखात असं वाक्य आहे: 'निसर्गाने मुक्तहस्ते उधळण केलेल्या या रमणीय नगरीला ऐतिहासिक वारसाही लाभला आहे.' यात माहिती शून्य. त्याजागी 'रत्नागिरी हे अरबी समुद्राच्या किनाऱ्यावरील शहर असून रत्नागिरी जिल्ह्याचे मुख्यालय आहे' एवढं चालेल. नयनरम्य, सुप्रसिद्ध, जगप्रसिद्ध, पर्यटकांचे आकर्षण हे शब्द पानावर शोधून एकेक तपासा. हॉटेलांचे फोन, एसटीच्या वेळा, मासळीच्या थाळीचे भाव काढून टाका. 'प्रसिद्ध व्यक्ती' या यादीत स्वतंत्र लेख किंवा भक्कम संदर्भ असलेलीच नावं ठेवा, नाहीतर ती वॉर्डातल्या इच्छुकांची यादी होते.

नवा मजकूर आधी धूळपाटीवर, म्हणजे खात्याच्या सरावाच्या पानावर. तो तयार झाल्यावर एका विभागाला एकच लेखक. विभागाच्या मथळ्याशेजारचा संपादनाचा दुवा वापरा, पूर्ण पान उघडू नका. दोघांनी एकाच परिच्छेदावर काम केलं तर जो नंतर जतन करतो त्याच्यापुढे संपादन संघर्षाचं पान येतं, आणि घाबरून नवखे लोक वरचा मजकूर पुसून आपला ठेवतात. असं झालं तर आपला मजकूर नक्कल करून बाजूला ठेवा, पान नव्याने उघडा आणि मग तेवढाच भाग घाला.

पाच-दहा ओळींमागे एकदा जतन करा, आणि दर वेळी जतन करतानाच्या सारांशाच्या रकान्यात काय केलं ते लिहा: 'थिबा राजवाड्याचे साल दुरुस्त, संदर्भ जोडला'. सारांश नसलेला मोठा बदल नवे बदल तपासत गस्त घालणाऱ्याला धुडगूस वाटू शकतो. इंग्रजी लेखावरून भाषांतर केलं असेल तर सारांशात मूळ लेखाचा दुवा द्यावाच लागतो, ती परवान्याची अट आहे. भाषांतराच्या साधनाने दिलेलं वाक्य मोठ्याने वाचा. 'शहर हे त्याच्या आंब्यांसाठी ओळखले जाते' असं कुणी मराठीत बोलत नाही. आणि इंग्रजी लेखातल्या वाक्याला संदर्भ नसेल तर ते मराठीतही आणू नका.

एकच पुस्तक अनेकदा लागत असेल तर संदर्भ एकदाच भरा आणि पुढे तोच पुन्हा वापरा. संदर्भाच्या चौकटीत तशी सोय आहे. वेबपानाचा दुवा दिला की त्याची प्रत वेबॅक मशीन या जुनी पानं साठवणाऱ्या संकेतस्थळावर लगेच जतन करून तो दुवाही जोडा. मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळं रचना बदलतात आणि जुने दुवे मरतात.

फोटो

रत्नागिरीतल्या ओळखीच्या माणसाने काढलेला फोटो पुण्यातल्या माणसाने 'माझं स्वतःचं काम' म्हणून कॉमन्सवर (विकिपीडियाच्या फोटोंच्या सामाईक भांडारात) चढवू नये. हक्क फोटो काढणाऱ्याचा असतो. त्यालाच खातं उघडायला लावा आणि त्यानेच चढवावा. तेही मूळ फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो आकसतो आणि त्यातली कॅमेऱ्याची व तारखेची नोंद पुसली जाते, मग कॉमन्सवरचे तपासनीस शंका घेतात आणि फाइल उडू शकते.

सार्वजनिक जागेतल्या इमारती आणि पुतळे यांचे फोटो भारतीय कायद्यात चालतात. माहितीफलक, भित्तिचित्रं, नकाशे, पोस्टर यांचे टाळा. फाइलचं नाव 'रत्नागिरी – मांडवी किनारा, मे २०२४' असं अर्थपूर्ण ठेवा, आणि वर्णन मराठीतही लिहा. लेखात सहा-सात फोटो खूप झाले. चार सूर्यास्त लावण्यापेक्षा एक सूर्यास्त, एक मासळीबाजार, एक राजवाडा आणि भाट्याची खाडी लावलेली बरी.

नंतरची राखण

लेख दोघांच्या निरीक्षणसूचीत (ज्या पानांचे बदल कळत राहतात त्या यादीत) कायम राहू द्या. मार्च ते मे या आंब्याच्या हंगामात जास्त डोळा ठेवा, कारण 'अस्सल हापूस घरपोच' छापाचे विक्रेत्यांचे दुवे याच काळात घुसतात. ते काढताना सारांशात 'जाहिरातीचा दुवा' एवढं पुरे. त्याच माणसाने तो दुसऱ्यांदा टाकला तर त्याच्या चर्चापानावर सौम्य शब्दांत कारण लिहा, तिसऱ्या वेळी मात्र स्वतः उलटवत बसू नका. चावडीवर (विकिपीडियाच्या सामाईक चर्चेच्या पानावर) किंवा प्रचालकाला (जादा अधिकार असलेल्या संपादकाला) कळवा.