शिक्षकांसाठी ‘खास सूट’: खरेदीआधी या चुका टाळा

५ सप्टेंबर जवळ आला की स्टाफ ग्रुपवर फॉरवर्ड सुरू होतात. लॅपटॉपवर २० टक्के, एसीवर ‘शिक्षक बोनस’, ओळखपत्र दाखवा आणि व्हाउचर न्या. यातल्या काही सवलती खऱ्या असतात. पण कुणालाही मिळणाऱ्या भावावर शिक्षकांच्या नावाची पाटी लावलेली असण्याची शक्यताही तितकीच असते.

सगळ्यात महाग पडणारी चूक एमआरपीवरची टक्केवारी बघण्याची. इलेक्ट्रॉनिक वस्तू पूर्ण एमआरपीला क्वचितच विकल्या जातात. समजा, लॅपटॉपची एमआरपी ६२,९९० रुपये आहे. २० टक्के शिक्षक सूट वजा केली की बिल होतं ५०,३९२. तेच मॉडेल त्याच दिवशी शेजारच्या दुकानात कुणालाही ४९,९९० ला मिळत असेल, तर शिक्षक असल्याबद्दल तुम्ही ४०२ रुपये जादा मोजलेत! म्हणून दुकानात शिरल्याबरोबर ओळखपत्र काढू नका. आधी साधं गिऱ्हाईक म्हणून ‘फायनल किती?’ विचारा, मॉडेल क्रमांकासकट आकडा लिहून घ्या आणि मग शिक्षकांच्या सवलतीचा विषय काढा. दोन आकड्यांत जेवढा फरक पडेल तेवढीच सूट धरा. आणि एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. छापील एमआरपीच्या वर ‘जीएसटी वेगळा’ मागणं बेकायदा आहे.

मॉडेल क्रमांक पूर्ण जुळवा, शेवटच्या अक्षरापर्यंत. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये जुन्या पिढीचा प्रोसेसर किंवा निम्मी रॅम असू शकते, आणि सवलत नेमकी त्याच मालावर असते. खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष पाहा. एसी घेताना स्टार लेबलवर त्याचा वैधता कालावधीही वाचा. ताऱ्यांचे निकष अधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलवरचे पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांच्या बरोबरीचे असतीलच असं नाही.

‘नो कॉस्ट ईएमआय’वर शिक्षक सूट मिळते का, हे आधी विचारा, ईएमआय निवडला की ती सूट रद्द, अशी अट असू शकते. क्रेडिट कार्डावर अशा योजनेत बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम दुकान किमतीतून वजा करून दाखवतं. पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच गळ्यात पडते. ४८,००० ची वस्तू, १२ हप्ते, १५ टक्के व्याजदर धरला तर व्याज सुमारे ३,६८० रुपये होतं, त्यावर जीएसटी सुमारे ६६०. फी १९९ असेल तर करासह आणखी २३५. म्हणजे ‘नो कॉस्ट’ची कॉस्ट ९०० च्या आसपास. वर ५ टक्के शिक्षक सूट गेली तर २,४०० चं नुकसान वेगळंच. फायनान्स कंपनीचं कर्ज असेल तर मुख्य तथ्य विवरणातला (कर्जाचे दर आणि खर्च एकत्र सांगणाऱ्या कागदावरचा) वार्षिक दर वाचा, आणि खात्यातून कपातीच्या मँडेटवर कमाल रक्कम व शेवटची तारीख कोरी सोडू नका. एक्स्टेंडेड वॉरंटी आणि विमा न विचारता जोडलेला असेल तर सही करण्याआधी काढायला लावा.

कागदपत्रांत शिक्षक फार भोळेपणा करतात. दोन-तीन हजारांच्या सवलतीसाठी पगारपत्रकाची झेरॉक्स द्यायची काहीच गरज नाही. त्यावर शालार्थ (शिक्षकांच्या पगाराची सरकारी ऑनलाइन प्रणाली) आयडीपासून बँक खात्यापर्यंत सगळी कुंडली असते. शाळेचं ओळखपत्र दाखवा, हातातून देऊ नका. प्रत द्यावीच लागली तर त्यावर दुकानाचं नाव, तारीख आणि ‘फक्त या सवलतीसाठी’ असं आडवं लिहा. आधार मागितलंच तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार द्या. फॉरवर्डमधल्या लिंकवर ओटीपी मागितला तर सरळ बाहेर पडा.

‘शिक्षक’ कुणाला धरलंय हेही विचारा. शिक्षणसेवक, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आणि क्लास चालवणारे यांना काउंटरवर नकार मिळू शकतो, तोही अॅडव्हान्स भरून झाल्यावर. व्हाउचरवर किमान खरेदी आणि मुदत बघा: ५,००० च्या खरेदीवर ५०० चं, एका बिलाला एकच, तीस दिवसांत संपणारं व्हाउचर ही दहा टक्के सूट नव्हे, पुढच्या खरेदीची सक्ती आहे.

बिल पक्कंच घ्या. सूट बिलातच दाखवली असेल तर जीएसटी कमी झालेल्या रकमेवर लागतो. ‘नंतर कॅशबॅक देऊ’ म्हटलं की कर पूर्ण रकमेवर, आणि कॅशबॅक दुकानदाराच्या मर्जीवर.

पैसे देऊन झाल्यावर घोळ लक्षात आला, तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट (तारखेसह), बिल आणि दोन्ही भावांची नोंद एकत्र करा. दुकानाला ईमेलने लेखी कळवा, फोनवर भांडून पुरावा उरत नाही. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग: ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत घटनेपासून दोन वर्षं, आणि २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, दुकान कुठेही असो.